सहाशे बारा वेळा येथे क्लिक करा

जमीन कार्यालयाच्या वेबसाइटवर शोधायच्या चौकटीत संघमित्राने 'जासई' हे गावाचं नाव टाइप केलं आणि पान पांढरं झालं. पुसलं, तर सहाशे बारा लिंका परत आल्या. 'नेरूळ' टाइप केलं. पांढरं. शेवटी तिने 'येथे' टाइप केलं. सहाशे बाराच्या सहाशे बारा हजर.

जावास्क्रिप्टमध्ये चूक नव्हती. सकाळपासून तिने ती अकरा वेळा शोधली होती. फिल्टर लिंकवरची अक्षरं वाचायचा आणि न जुळणाऱ्या लिंका लपवायचा. पण प्रत्येक लिंकवर एवढंच लिहिलं होतं : येथे क्लिक करा. आत जमिनीच्या नोटिसांचे स्कॅन, तेही जरा तिरके.

ऐरोलीच्या कंपनीतून तिच्या टीम लीडचा, रोहनचा मेसेज आला : चारला तिथल्या साहेबांना दाखव. नाही चाललं तर सोमवारी येऊ नकोस.

शेजारच्या टेबलावर हौसेराव शेंगा सोलत होते. नऊ वर्षं या साइटवर लिंका टाकायचं काम त्यांचं.

"काका, लिंकांना नावं का नाही दिली?"

"दिलं की. येथे क्लिक करा."

"सगळ्यांना एकच?"

"भेदभाव कशाला?"

त्यांचा फोन वाजला. "हां, बोला. उलव्याची? खालनं एकशे चौथी. दाबा." ठेवला.

संघमित्राने यादीचं टोक गाठलं. मग खालून एकशे चौथी मोजून तिने दाबली. उलवे.

"काका, सगळ्या पाठ आहेत?"

"मग? लोकांना सापडणार कशा?"

तिने खुर्ची ओढून त्यांच्या टेबलाला लावली. कीबोर्ड पुढ्यात ओढला. "एकपासून सांगा. प्लीज. माझी नोकरी जाईल."

हौसेरावांनी शेंगांचा कागद गुंडाळला.

"लिव."

ते डोळे मिटून सांगत गेले, ती टाइप करत गेली. ती जेवायला उठली नाही. मध्येच कीबोर्डाशेजारी अर्धी भाकरी आली, तीही त्यांनी सांगणं न थांबवताच ठेवली. चारला पाच मिनिटं कमी असताना सहाशे बारावी संपली.

साहेबांनी उभ्यानेच 'जासई' टाइप केलं. सत्त्याऐंशी लिंका उरल्या. बाकीच्या लपल्या. साहेब यादीत वर गेले, खाली आले, परत वर गेले.

"सकाळी एक केशरबाई येऊन गेल्या. त्यांची कुठली?"

"जासईतली वरनं एकोणचाळीस," हौसेराव बसल्या जागेवरून म्हणाले.

साहेबांनी दाबली. तीच होती.

"वा. सिस्टिम चांगली झालीय," ते संघमित्राला म्हणाले. "तुमचं कंत्राट वाढवायला सांगतो. हौसेराव मार्चला रिटायर होतायत. तोवर त्यांच्याकडून एवढं पाठ करून घ्या."

साहेब गेले. संघमित्राने रोहनला 'झालं' असं कळवलं आणि बॅग उचलली.

"कुठं?" हौसेराव म्हणाले. त्यांनी मॉनिटर भिंतीकडे वळवला. "एक नंबरची सांग."

तिने बॅग खाली ठेवली. मग बसली.

"जासई," तिने डोळे मिटले. "विहिरीची नोटीस."

"दोन?"