जांभळीचा उजवा पाय

देऊळघाटच्या पडीत वावरात दयाराम रोज सकाळी चुन्याच्या फक्कीने इंग्रजी आठाचा मोठा आकडा काढायचा, आणि त्याची लेक मनाली त्यावरून जांभळीला दौडवायची. दयाराम पोलिसांच्या घोडदळातून निवृत्त झालेला. जांभळी त्याच्याच दारात जन्मलेली कोवळी घोडी.

दौडताना घोडं डाव्या वळणाला डावा पाय पुढे टाकतं, उजव्या वळणाला उजवा. आठाच्या मधोमध, दौड न मोडता, चारही खूर अधांतरी असतानाच तो पाय बदलायचा. पुण्याच्या स्पर्धेत मनालीला हेच करून दाखवायचं होतं.

उजव्याचा डावा जांभळी झोकात करायची. डाव्याचा उजवा म्हटलं की मान वाकडी करून थरथरत उभी राहायची.

“हट्टाले पेटली ते!” दयाराम ओरडायचा. “छडी लाव तिले!”

मनालीने लावली. एकदा नाही, पुष्कळदा.

मग एका संध्याकाळी मनालीने पाण्याची बादली उजव्या अंगाला ठेवली आणि जांभळीने सरळ तिच्यातच पाय घातला. दयारामने तिच्या उजव्या डोळ्यापुढे हात हलवला. पापणी लवली नाही. पावसाळ्यात तो डोळा गळायचा, तेव्हा माश्यांमुळे असेल म्हणून त्याने नुसता पुसून घेतला होता.

बुलडाण्याहून जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. “हा डोळा गेलाय,” त्या म्हणाल्या. “आतून सूज येते, उतरते, परत येते. आता डाव्यातही सुरू झालंय. औषधाने लांबवता येईल, थांबवता येणार नाही.”

त्या गेल्यावर मनाली म्हणाली, “अंधारात उडी माराले भेत होती ते, बाबा. अन् मी तिले मारून राह्यली होती.”

“तू नाही. मीच सांगतलं तुले.”

पुढे बरेच दिवस वावरात कोणी गेलं नाही. मग एका सकाळी मनालीने स्वतःच खोगीर कसलं. “एकच डाव, बाबा.”

नको म्हणायचं दयारामच्या ओठांवर आलं होतं, पण त्याने फाटक उघडलं.

मनाली घोडीशी सारखी बोलत होती, “चाल माय, मी हावो ना.” आठाच्या मधोमध तिने हलकेच टाच दिली. जांभळी उचलली गेली आणि उजवा पाय पुढे टाकत अलगद उतरली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत इतका देखणा बदल दयारामने क्वचितच पाहिला होता.

“बदलला ना, बाबा?”

“हाव.”

“मंग स्पर्धेत...”

“नाही, मना. दुसराबी डोळा चालला तिचा. पडली त दोघीबी जासान.”

मनाली उतरली नाही. तिने लगाम सोडून दिला आणि आयाळीत तोंड खुपसलं. जांभळी दोन्ही कान मागे वळवून पुढचा शब्द ऐकायला उभी होती.