फाटलेले एक्केचाळिसावे पान

मित्रांनो, कपाटाच्या मोडक्या पायाखाली सारलेली ही जुनी, जाड वही दिसते ना? ती मी. कलकत्त्यातल्या बागबाजारच्या एका बाइंडरने मला शिवले, पाठीला लाल कापड लावले, आणि १९७३ साली मी खिदिरपूरच्या गोदीजवळ एका जहाज-कंपनीच्या संगणक केंद्रात दाखल झाले.

खोलीभर पसरलेल्या त्या संगणकात एक मुख्य प्रोग्रॅम होता. बाकीच्या प्रोग्रॅमांना कामे वाटून देणारा, छपाई करवून घेणारा. सगळे त्याला 'कारभारी' म्हणत. कारभाऱ्यात चूक सापडली की सूचनांची भोके पाडून दुरुस्तीची कार्डे पंच होत. पण ती यंत्रात घालण्याआधी काय बदलले आणि का, हे माझ्यात लिहायचे, आणि दुसऱ्या कोणी तपासून सही करायची. नियम चांगला होता, पाळणारे मात्र तुमच्याआमच्यासारखेच. माझी पहिली चाळीस पाने पाहाल तर 'चूक काढली', 'चूक काढली' एवढेच. साहेब मला चाळून म्हणत, "काय नीटनेटकी वही आहे!" आणि मी मूर्खासारखी फुगत असे.

दुरुस्त्या करायचे श्यामकांत दामले. मुंबईहून बदली होऊन आलेले, डोके तल्लख, लिहायचा मात्र भारी कंटाळा. तपासायची कालिंदी. ती कलकत्त्यातच जन्मलेली, मराठी जरा जपून बोलणारी.

एका दुपारी दामल्यांनी तीन कार्डे तिच्यापुढे ठेवली आणि माझ्यात लिहिले, 'छपाईतली चूक काढली.'

"सही करा, कालिंदीबाई. पुढच्या जहाजाची यादी छापायची खोळंबली आहे."

"कोणती चूक?"

"अहो, कार्डं बरोबर आहेत की नाही, तेवढं बघा ना!"

"कार्डं बरोबर आहेत. पण चूक कधी होते, ते कुठे लिहिलंय? ना, दामलेसाहेब, मी सही करणार नाही."

दामल्यांचा पारा चढला. बाई उगीच ताणून धरते आहे, असे मलाही वाटले. खोटे कशाला सांगू? त्यांनी रागाने पेन इतके दाबले की निबेने माझे पान फाटले. त्यांनी लिहिले, 'छापता छापता कागद संपला तर यंत्र थांबते. नवा कागद घातल्यावर कारभारी पुढच्या ओळीपासून सुरुवात करतो. मधली एक ओळ छापलीच जात नाही.'

पेन तिथेच थांबले.

"सकाळच्या यादीत कागद बदलला होता?" कालिंदीने हळूच विचारले.

बदलला होता. आणि ती यादी चारच्या भरतीला सुटणाऱ्या जहाजाची होती. कुठल्या कोठारात कोणता माल आहे, हे सांगणारी. कप्तानाकडे ती पोचलीसुद्धा होती. कालिंदीने मालाच्या नोंदींच्या कार्डांचा गठ्ठा आणि यादीची प्रत शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. गळालेली ओळ सापडली: 'दुसरे कोठार, कार्बाइडची साठ पिंपे. पाणी लागू देऊ नये.'

कार्बाइडला पाणी लागले की त्यातून पेट घेणारा वायू निघतो. तिथे आग लागलीच, तर बिचारे खलाशी आधी पाणीच मारणार!

सव्वातीन वाजले होते. फोन उचलला तर मुका. दामल्यांनी ती ओळ हातानेच कागदावर उतरवली आणि धावत सुटले. एकदा गोदीचे दरवाजे उघडून जहाज हुगळी नदीत गेले, की त्याला कोण गाठणार? कालिंदी माझ्यावर हात ठेवून बसून राहिली. चार वाजता भोंगा वाजला. मला वाटले, संपले सगळे.

पाचाच्या सुमारास दामले आले. शर्ट घामाने चिंब.

"दिली," ते म्हणाले. "कप्तानाच्या हातात दिली. शिडी काढतच होते."

मग ते खाली बसले, त्यांनी मला पुढे ओढले आणि आपल्या मजकुराखाली आणखी एक ओळ लिहिली: 'जहाजावर बावन्न माणसे होती.' त्याखाली कालिंदीने सही केली.

तो संगणक केव्हाच भंगारात गेला. कपाटाचा भार मी सोसते, पण मला कोणी उघडत नाही, याचे वाईट वाटते. मित्रांनो, काही दुरुस्त केलेत तर नुसते 'दुरुस्त केले' म्हणून उठू नका. काय बिघडले होते, कधी बिघडते आणि त्यात कोणाचे काय जाणार होते, तेही लिहा. कोणी 'का?' विचारले तर त्याच्यावर रागावू नका. माझ्या दोनशे पानांत फाटलेले ते एकच पान आहे, आणि मला उघडलेत तर मी तेच तुम्हाला आधी दाखवीन.