एका खुर्चीचा टीव्ही

विपुल मला पाहायला हिवरखेडला आला, तो टीव्ही घेऊन. लोक पेढे आणतात. याने गाडीच्या मागच्या सीटवर बिनचष्म्याचा थ्रीडी टीव्ही आडवा घातला होता, स्वतः बनवलेला.

मी अमरावतीला दुकानात टीव्हीच विकते. चष्मा लावून पाहायचे थ्रीडी टीव्ही आले होते, तेव्हाची गोष्ट आमचे मालक अजून सांगतात. चार दिवस कौतुक झालं, मग चष्मे पोरांनी मोडले. गिऱ्हाईक विचारतं ते वॉरंटी आणि भिंतीला लावून देता का. चित्र पडद्याबाहेर येऊ दे, असं आजवर एकाही शहाण्याने मागितलेलं नाही.

पण बाबांना कोण सांगणार? मुलगा इंजिनियर, वर कंपनीचा मालक! त्या कंपनीत दुसरं माणूस नव्हतं ही गोष्ट वेगळी. बाबांनी मनातल्या मनात साक्षगंधाचा मुहूर्तही काढला होता. मला विचारायचं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

विपुलने बाबांना बरोबर समोरच्या खुर्चीत बसवलं आणि टीव्ही लावला. पडद्यावर मासा आला.

"अबे, नाकापाशी आला न!" बाबांनी चक्क हात पुढे केला.

सोयरीक आणणारे नत्थुजी बाजूच्या बंगईवर झोके घेत होते. त्यांना एका माशाचे दोन दिसत होते. "देवीदासभाऊ, मले तं चकणं झाल्यावानी वाटून राहिलं. सरका जराक," म्हणत ते बाबांच्या पुढे डोकावले. तसा मासा बाबांना सोडून त्यांच्याकडे गेला.

"हालू नका, काकाजी!" विपुल ओरडला. "टीव्हीतला कॅमेरा एकाच माणसाचे डोळे धरते."

पिकल्या केसांची दोन माणसं माशासाठी एकमेकांना कोपरं मारू लागली. मला लाज वाटली.

"म्हणजे एकालेच दिसते?" मी विचारलं.

"सध्या. प्रयोग चालू आहे न. पाच वर्षात घरोघरी हाच राहीन."

"घरोघरी? आमच्या घरी सारे मिळून टीव्ही पाहतात. अर्धे तं लोळून."

"एकट्यानं पाहणाऱ्याचं मार्केट लय मोठं आहे."

"अन् लग्न झाल्यावर? त्या खुर्चीत कोण बसन?"

"मीच बसीन न!" तो मनापासून हसला. "तुमाले कायले पाहाचं? तुमी त्या टायमाले सैपाकात राहसान. आवाज तं येते तिथंवर."

बाबा हसले. नत्थुजीही हसले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. यात काही वावगं आहे हे त्या कंपनीच्या मालकाच्या गावीही नव्हतं.

आई पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे टीव्हीसमोर टेबलावर आदळला.

"लग्न झालं तवापासून मी आवाजच ऐकून राहिली," ती बाबांना म्हणाली. "कोणत्या मालिकेतली सून कशी दिसते, मले मालूम नाही. माह्या पोरीले असं घर नाही पाहाचं."

"तू काहून मधात बोलून राहिली? जाय आत."

"नाही जात. पोरीले विचारा. आता, माह्यासमोर विचारा."

बाबांनी नत्थुजींकडे पाहिलं, विपुलकडे पाहिलं. सुटका कुठेच नव्हती. मग खाली मान घालून त्यांनी विचारलं, "प्रणाली, तुले पसंत आहे का हा?"

"नाही," मी म्हणाले.

एवढंच होतं. सकाळी विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं.