दुखापतीची हमी

डेल्विन रॅग्सडेलचं पत्र आलं त्याला जानेवारीत आठ वर्षं होणार होती, आणि ऑर्विल नाडोल्नीने अजून उत्तर दिलं नव्हतं. द्यायचं नाही असं त्याने कधी ठरवलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्याने तीन खर्डे लिहिले होते, पुढच्या महिन्यात आणखी दोन. मग पत्र टेबलाच्या खालच्या खणात जुन्या करारांखाली गेलं, आणि ऑर्विल तो खण अर्धाच उघडायला शिकला.

पत्र लहान होतं. रेघी कागद, शाळकरी मुलासारखं उभट अक्षर. त्याला ते पाठच होतं.

"मिस्टर नाडोल्नी, तिथे तुमच्याशिवाय कुणाला विचारावं असं नाही. शेवटचे दोन सामने मला बाहेर बसवलं. कोच म्हणाले, खेळाचं कारण आहे. मला वाटलं होतं पैशाचं असेल. पण माझा एजंट म्हणतो, ते शक्यच नाही, कारण दुखापतीची हमी आपण सप्टेंबरमध्येच सोडून दिली होती. मग माझा हातच गेला, असंच ना? शेवटच्या सामन्याला बाबा आले होते. मी टोपी घालून कडेला उभा. गाडीत बसल्यावर ते एवढंच म्हणाले, 'फेक बिघडली असेल तुझी.' खरं काय ते कळवा. काहीही असलं तरी चालेल. तुमचं बुडालेल्या जहाजांचं पुस्तक माझ्याकडेच राहिलंय."

टोलेडोच्या ग्लासमेन या अमेरिकन फुटबॉलच्या संघात ऑर्विल एकोणतीस वर्षं एकच काम करत आला होता. लीगने सगळ्या संघांच्या पगारांवर मर्यादा घातलेली आहे. मालक कितीही श्रीमंत असो, तिच्यावर एक डॉलरही जाता येत नाही. त्रेपन्न माणसांचे पगार तिच्यात बसवायचे, बसले नाहीत तर आजचे पैसे पुढच्या तीन वर्षांवर ढकलायचे, आणि ढकललेलं अंगावर आलं की आणखी पुढे ढकलायचं, हे त्याचं काम. सगळ्यात मोठा घास क्वार्टरबॅकचा. चेंडू फेकणारा हा एकटा माणूस चांगला खेळला तरी पगारांचा पाचवा हिस्सा खातो, आणि वाईट खेळला तरी खातोच, कारण करार झालेला असतो तो चांगला खेळत असताना.

ऑर्विलची खोली स्टेडियमच्या तळघरात, धुलाईघराला लागून होती. खेळाडू तिकडे फिरकत नसत. तेव्हाचा क्वार्टरबॅक डेल्विन यायचा, पुस्तकं न्यायला. एवढा साडेसहा फुटी माणूस दारात वाकून उभा राहायचा आणि विचारायचा, "मिस्टर नाडोल्नी, आज कुठलं जहाज बुडवायचं?" ऑर्विलला त्यावर चांगलं उत्तर सुचायचं ते तो निघून गेल्यावर.

त्या वर्षी डिसेंबरमध्ये संघ तीन सामने जिंकून अकरा हरला होता आणि डेल्विनला मार्चमध्ये सोडायचं वर ठरलं होतं. सोडायला हरकत नव्हती. भीती एकच होती. कराराप्रमाणे तो मैदानावर मोडला आणि मार्चमध्ये डॉक्टरने त्याला धडधाकट म्हटलं नाही, तर पुढच्या वर्षीचे दोन कोटी ऐंशी लाख डॉलर संघाच्या माथी बसणार होते, आणि पगारांच्या मर्यादेतही धरले जाणार होते. तेव्हाच्या जनरल मॅनेजरने विचारलं, आणि ऑर्विलने टिपण लिहून दिलं: खेळवला तर एवढा धोका, बसवला तर शून्य. बेरीज त्याने चार वेळा तपासली. त्याचा स्वतःवर विश्वास कधीच नव्हता, म्हणून तो सगळंच चार वेळा तपासायचा. डेल्विन बसला.

बेरीज बरोबरच होती. पण टिपण लिहिताना त्याने समोर ठेवला होता तो मूळ करार. सप्टेंबरमध्ये एक आडदांड बचावपटू जखमी झाला तेव्हा नवा माणूस घ्यायला जागा हवी होती, आणि ऑर्विलनेच डेल्विनचा करार उलटापालटा केला होता. पगाराचा बोनस केला, बोनस पुढच्या वर्षांवर पसरला. रोख आधी हातात येते म्हणून एजंटाने त्या बदल्यात दुखापतीची हमी सोडली होती. दुरुस्तीपत्राच्या चौथ्या पानावर दोन ओळी. त्या टंकल्या ऑर्विलने, आणि विसरलाही तोच. मूळ करार तोंडपाठ असला की हे असं होतं. तोंडपाठ गोष्ट माणूस पुन्हा वाचत नाही.

हे त्याला कळलं डेल्विनच्या पत्रामुळे. "सप्टेंबरमध्येच सोडून दिली होती," हे वाक्य वाचून तो उठला, चौथं पान काढलं, वाचलं आणि परत खाली बसला. धोका शून्यच होता. त्या पोराला उगीच बसवलं होतं. डेल्विनला काय लिहायचं? तुझा हात गेला नाही, पैशाचंही कारण नव्हतं, मी एक पान वाचलं नाही?

डेल्विन मार्चमध्ये सुटला. पुढे दोन संघांत दुसऱ्या नंबरचा म्हणून राहिला. तिथल्या लोकांनी वर्तमानपत्रात म्हटलं की तो चेंडू हातात फार वेळ धरून ठेवतो, त्याचा स्वतःवर भरवसा राहिलेला नाही. ते वाक्य ऑर्विलने चार वेळा वाचलं. नंतर कळलं, डेल्विन पश्चिम व्हर्जिनियात आपल्या गावच्या शाळेत इतिहास शिकवतो आणि पोरांना फुटबॉल.

या डिसेंबरमध्ये संघ पुन्हा त्याच चिखलात होता. क्वार्टरबॅक आता टायरस पेटिग्रू, हमी तीन कोटी चाळीस लाखांची, सामने उरलेले दोन. आताचा जनरल मॅनेजर रॉइस डिफेनबाख तळघरात उतरला. एरवी तो फोन करायचा. हातात कागदी ताटलीत चर्चच्या बायकांनी विकायला ठेवलेल्या, बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगी होत्या, त्या त्याने ऑर्विलच्या फायलींवरच ठेवल्या.

"प्रोफेसर, एक पान लिहून द्या," तो म्हणाला. "बसवायचा की खेळवायचा."

ऑर्विलने टिपण आधीच करून ठेवलं होतं. मूळ करार आणि तिन्ही दुरुस्तीपत्रं पानापानाने, बोट ठेवून वाचली होती. या वेळी हमी खरीच होती. रॉइसने आकडा पाहिला, मान हलवली आणि म्हणाला, ठरलं तर मग, कोच उद्या सांगेल की टायरसची फेक बिघडली आहे म्हणून राखीव पोरगं खेळवून बघतोय.

"फेक बिघडलेली नाही," ऑर्विल म्हणाला.

"ते मलाही माहीत आहे."

"मग त्याला कारण खरं सांगा."

रॉइसने पिरोगी खाता खाता काटा खाली ठेवला. ऑर्विलने चार वर्षांत त्याला काय करावं असं एकदाही सांगितलं नव्हतं. रॉइसने समजुतीने घेतलं. खेळाडूंची युनियन आहे, एजंट आहे, पैशासाठी बसवलं म्हटलं की दुसऱ्या दिवशी वकिलाची नोटीस. सगळे संघ हेच करतात आणि सगळे खेळाचं कारण म्हणतात. ही रीतच आहे.

मग ऑर्विलने ते सांगितलं. त्याने खालचा खण पूर्ण उघडला, पत्र काढलं, त्यावर चौथं पान ठेवलं आणि दोन्ही रॉइसपुढे सरकवली. बोलताना त्याचा आवाज इतका खाली गेला की शेजारच्या वाळवणी यंत्रांच्या घरघरीत रॉइसला पुढे वाकून ऐकावं लागलं. मला काढायचं तर काढा, असंही तो शेवटी म्हणाला.

रॉइसने पत्र वाचून घडी घातली. "आठ वर्षं झाली, प्रोफेसर. तो मालकसुद्धा आता नाही. तुम्हांला काढून मर्यादेत किती जागा होणार? तुमचा पगार तर त्या मर्यादेत धरतसुद्धा नाहीत."

"डेल्विनला कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, हमी नाहीच आहे," ऑर्विल म्हणाला. "एका वाक्यात चूक उघडी पडली असती. आपण विचारलं नाही, म्हणून ती राहिली."

रॉइसने पिरोगीची ताटली फायलींवरून उचलली. मग म्हणाला की टायरसला सांगतो, पण तुम्ही समोर बसायचं. आकडे तुमचे आहेत, तोंडही तुमचंच हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्विल वरच्या मजल्यावर गेला आणि टायरस पेटिग्रूला त्याने आठ मिनिटांत सगळं सांगितलं: मार्चमध्ये तुला सोडणार आहेत, खेळलास आणि मोडलास तर सोडता येणार नाही, म्हणून बसवतायत. फेकीचा काही संबंध नाही. टायरस चोवीस वर्षांचा, मिसिसिपीचा, बोलायला तिखट.

"म्हणजे मी शोकेसमधली काच," तो म्हणाला. "हात लावायचा नाही, फुटली तर विकत घ्यावी लागेल."

रॉइस हसला, ऑर्विलला हसू आलं नाही. टायरसने विचारलं, आणि मी ही हमी सोडली तर? ऑर्विल म्हणाला, तर मग बसवण्याचं कारण उरत नाही. पण तू सोडू नकोस, एजंटाला विचार, झोप घे. एजंट पंधरा मिनिटं फोनवर ओरडत होता. टायरसने फोन कानापासून लांब धरला आणि तो थकल्यावर शांतपणे सांगितलं की बसलो तर बाकीचे एकतीस संघ म्हणतील याचा हात गेला. खेळलो तर निदान बघतील तरी. दुपारी दुरुस्तीपत्रावर त्याची सही झाली. ऑर्विलने ते चार वेळा वाचलं आणि त्यालाही मोठ्याने वाचून दाखवलं.

पहिला सामना ग्लासमेन जिंकले. टायरसने चार वेळा चेंडू गोलपट्टीत पोहोचवला आणि लोक वर्षभरात पहिल्यांदा शेवटपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या सामन्यात, शहरालगतच्या सरोवरावरून बर्फ येत असताना, तिसऱ्या सत्रात दोन माणसं त्याच्या उजव्या खांद्यावर पडली. तो स्वतःच्या पायांनी बाहेर आला, पण हात दुसऱ्या हाताने धरून.

खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. मार्चमध्ये त्याला सोडलं आणि संघाला एक डॉलरही द्यावा लागला नाही. ते अडीच महिने ऑर्विलने वाईट काढले. आपण गप्प बसलो असतो तर पोराचा खांदा शाबूत असता, एवढं त्याला कळत होतं, आणि त्यापलीकडे काही कळत नव्हतं. एकदा गप्प बसून एकाचं वाटोळं केलं, एकदा बोलून दुसऱ्याचं. सहावा खर्डा त्याने या दिवसांतच फाडला.

कपाट रिकामं करायला आला तेव्हा टायरस तळघरात उतरला. हात झोळीत होता. ऑर्विलने त्याला खुर्ची दिली आणि स्वतः उभाच राहिला.

"तुझा खांदा, आणि तीन कोटी चाळीस लाखांची हमी," तो म्हणाला. "माझ्यामुळे गेले."

"तुमच्यामुळे?" टायरस म्हणाला. "सही माझी आहे, मिस्टर नाडोल्नी. तुम्ही तर नको म्हणत होतात. माझ्या सहीचं श्रेय तुम्ही कसं घेता?"

"मी सांगितलं नसतं तर तू बसला असतास."

"बसलो असतो आणि आयुष्यभर भिंतीवर चेंडू मारून बघत बसलो असतो, काय बिघडलंय म्हणून." त्याने झोळीतला हात जरा वर सरकवला. "खांदा दुखतो तेव्हा मला माहीत असतं कशाने दुखतो. दोन माणसं पडली. त्यांची नावंही माहीत आहेत. इथे आम्हांला कोण विचारतं हो? खाटीक गाईला विचारतो का, कुठला तुकडा कापू? तुम्ही विचारलंत, मी हो म्हणालो. पुढचं खेळात चालतं."

मग त्याने सांगितलं की दक्षिणेतला एक संघ त्याला दुसऱ्या नंबरचा म्हणून घेतोय. पगार पूर्वीच्या दहाव्या हिश्श्याइतका. ग्लासमेनने जिंकलेल्या त्या सामन्याची फिल्म त्यांनी तीनदा पाहिली म्हणे. जाताना त्याने डाव्या हाताने हात मिळवला.

ऑर्विल त्या दिवशी चार वाजताच घरी गेला. स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून त्याने सातव्यांदा लिहायला घेतलं. आधीच्या सहाही खर्ड्यांत पहिलं पान माफीचं होतं आणि खरी गोष्ट दुसऱ्या पानावर दडलेली. या वेळी ती पहिल्या ओळीत आली.

"डेल्विन, तुझा हात गेला नव्हता. तुझी हमी सोडलेली आहे हे मी विसरलो, म्हणून तुला बसवलं. चूक माझी, आणि माझ्या एकट्याची. तुझ्या पत्राने ती मला त्याच दिवशी कळली होती, आणि मी आठ वर्षं सांगितलं नाही. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी आहे. सोबत चौथ्या पानाची प्रत आहे. ती वडिलांना दाखव. ते नसतील, तर मला उशीर झाला आहे, आणि तोही माझ्याच नावावर. पुस्तक तुझ्याकडेच राहू दे."

शाळेचा पत्ता त्याने चार वेळा तपासला. मग पाकीट पुन्हा उघडून चौथं पान आत आहे की नाही ते पाहिलं, चिकटपट्टी लावली, आणि कोट चढवून कोपऱ्यावरच्या निळ्या टपालपेटीपर्यंत चालत गेला. पाच वाजता पेटी उघडतात. पाचला वीस मिनिटं कमी होती. त्याने झाकण खाली ओढलं, पाकीट ठेवलं, झाकण सोडलं.

पाकीट पडल्याचा आवाज आला नाही. तो काही पावलं गेला, परत आला आणि झाकण पुन्हा ओढून आत पाहिलं. पत्र खाली गेलं होतं.