तिसरं पाकीट

"अहो, टेप ताणून धरा ना. मधे झोळी झालीय तिची," रस्त्याच्या पलीकडून बायको म्हणाली, तसं पेंटरने टेपचं टोक घाईघाईने कडेच्या दगडावर दाबून धरलं. नुकतं कुठे फटफटत होतं. सरकारी दवाखान्यासमोरचा रस्ता रिकामा होता. एक दूधवाला सायकलवरून आला आणि ही दोन प्रौढ माणसं भर रस्त्यात ओणवी झालेली बघून थांबला.

"काय हरवलं का?"

"अक्कल," बायको म्हणाली. "यांची. सापडली की कळवते तुम्हाला."

दूधवाला हसत निघून गेला. पेंटरही हसत होता. आपण किती वर्षांनी असं पोट धरून हसलो, ते त्याला आठवेना. टेप गुंडाळत तो बायकोजवळ आला आणि तिने खडूने पाटीवर लिहिलेला आकडा वाकून बघितला. पाटी मुलीच्या लहानपणीची होती. मुलगी लग्न होऊन गेली, तरी पाटी बायकोने जपून ठेवली होती, आणि आज ती अशी कामाला आली होती.

"आता शाळेपुढचा," ती म्हणाली. "चला पटापट. रहदारी सुरू झाली की लोक टेपवरून गाड्या घालतील."

पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. हात सफाईदार, स्वभाव गरीब. नगरपालिकेत मात्र त्याला कुणी पेंटर म्हणत नसे. तिथे तो 'तिसरे' होता. शिपायापासून कारकुनापर्यंत सगळे, "या तिसरे, बसा तिसरे," असंच म्हणत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. त्यालाही नाही.

त्याचं असं होतं, की तीन निविदा आल्याशिवाय पाकिटं फोडायची नाहीत, असा नगरपालिकेचा नियम. रस्त्यांवर पांढरे पट्टे मारायचं काम दरवर्षी निघायचं आणि दरवर्षी तीनच पाकिटं यायची. एक कंत्राटदाराचं, दुसरं त्याच्या मेहुण्याचं आणि तिसरं पेंटरचं. कंत्राटदार आणि पेंटर शाळेत एका बाकावर बसलेले. पुढे एक बंगल्यात गेला, एक शिडीवर चढला, पण दोस्ती टिकली. कंत्राटदार फोन करायचा, "रंग्या, यंदा एवढा दर लिही," आणि रंग्या तेवढा लिहायचा. अनामत रक्कमही कंत्राटदारच भरायचा. मेहुण्याचा दर चढा, रंग्याचा त्याहून चढा, आणि काम अर्थात कंत्राटदाराला. दोस्ताच्या लग्नात साक्षीदार म्हणून सही करावी, तितक्याच निर्मळ मनाने पेंटर ते पाकीट भरत आला होता.

यंदा बिनसलं ते बायकोमुळे. महिन्यापूर्वी ती दवाखान्यासमोर रस्ता ओलांडत असताना एका रिक्षाने तिला उडवायचंच बाकी ठेवलं. हातातली औषधाची बाटली फुटली. ती रिक्षावाल्याला धरून बोलायला लागली, तर तो उलट तिलाच म्हणाला, "बाई, पट्टे कुठायत ते दाखवा आधी." तिने खाली बघितलं. पट्टे नव्हतेच. एकदोन ठिकाणी पांढुरके ओरखडे तेवढे उरले होते.

घरी आल्यावर तिने विचारलं, "पट्ट्यांचं टेंडर दरवर्षी निघतं ना? तुम्हीच तर भरता."

"मी भरतो म्हणजे काय," पेंटर म्हणाला. "मी आपलं तिसरं भरतो."

"मग एकदा खरं भरा की."

एवढंच ती बोलली आणि भाजी चिरायला बसली. पण पेंटरच्या डोक्यात ते वाक्य घर करून राहिलं. पाटीवर अक्षरं काढताना हात थांबायचा. दर लिटरला किती रस्ता होईल, दोन हात द्यायचे तर किती रंग लागेल, दोन माणसं रोजाने घेतली तर किती दिवस. रंगाच्या दुकानात चौकशी करून आला, तेव्हा त्याचा चेहरा बघून बायको म्हणाली, "काय हो, ताप आलाय का?" ताप नव्हता. आपण हे काम करू शकतो, चांगलं करू शकतो आणि तरी चार पैसे सुटतात, हे त्याला पहिल्यांदाच कळलं होतं, आणि त्याच्या अंगात ते मावत नव्हतं.

अनामतीसाठी बायकोने आपली ठेव मोडली. "मोडायलाच ठेवली होती," म्हणाली.

एक गोष्ट मात्र पेंटरला चोरून करायची नव्हती. पाकीट द्यायच्या आदल्या दिवशी तो कंत्राटदाराच्या ऑफिसात गेला.

"अरे ये रंग्या. अनामतीचा ड्राफ्ट तयार आहे तुझा. दर सांगतो, लिहून घे."

"ड्राफ्ट नको," पेंटर उभ्याउभ्याच म्हणाला. "मी माझे भरलेत. या वेळी मी खरंच भरतोय. माझा दर."

कंत्राटदाराने त्याच्याकडे क्षणभर बघितलं आणि मग तो खुर्चीत मागे रेलून खो खो हसला. "भर की. नगराध्यक्षपदालाही उभा राहा. चहा घेणार?"

"चेष्टा नाही करत मी."

"बरं बाबा, नाही चेष्टा. साखर किती?"

पेंटरने चहा घेतला. 

पाकिटं फोडायची होती नगरपालिकेत, मुख्याधिकारी साहेबांच्या दालनात. पेंटर इस्त्रीचा शर्ट घालून बायकोला घेऊन आला. "हिला बसू देता का? टेप हिनेच धरली होती," असं त्याने शिपायाला सांगितलं. शिपायाला काही कळलं नाही, पण त्याने दाराजवळ खुर्ची दिली. कंत्राटदार मोबाइलवर काहीतरी बघत बसला होता. मेहुणा जांभया देत होता. पेंटर मात्र टेबलावरच्या पाकिटांवरून नजर काढत नव्हता.

कारकुनाने पहिलं पाकीट फोडून दर वाचला. कंत्राटदाराचा. दुसरं फोडलं. मेहुण्याचा, थोडा वर. तिसरं फोडलं, वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

"तिसरे," तो हळूच म्हणाला, "काहीतरी लिहायचं राहिलं का हो तुमचं?"

"नाही. आहे ते बरोबर आहे."

कारकुनाने दर वाचला. कंत्राटदाराच्या निम्म्याहून थोडासाच जास्त. मेहुण्याची जांभई अर्ध्यावर राहिली. कंत्राटदाराने मोबाइल खाली ठेवला.

"चूक आहे साहेब ही," मेहुणा उठलाच. "या दरात पाणीसुद्धा मारता येणार नाही रस्त्यावर. रद्द करा, परत काढा टेंडर."

साहेब नव्याने बदलून आलेले होते. त्यांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि सावकाश बघितले. "चुकलंय असं ज्याने भरलं तो म्हणू शकतो," ते म्हणाले. "काय हो, चुकलंय का तुमचं?"

 कंत्राटदार पेंटरकडे वळला. आवाज अगदी मऊ, शाळेतला.

"रंग्या, सांग ना चुकलं म्हणून. माणूस चुकतो. अनामत जाईल ती मी देतो तुला."

पेंटरने त्याच्याकडे बघितलं. नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती. उभ्या आयुष्यात या माणसाला तर कधीच नाही. दाराजवळ बायको बसली होती. ती त्याच्याकडे बघत नव्हती. मुद्दाम छताकडे बघत होती, ते त्याला कळलं.

"नाही साहेब," तो म्हणाला. "चुकलं नाही. आम्ही सगळे रस्ते मोजलेत."

साहेबांनी मान हलवली आणि कारकुनाला सांगितलं, "लिहा."

बाहेर व्हरांड्यात कंत्राटदाराने त्याला गाठलं. "आधी सांगायचंस तरी."

"सांगितलं होतं."

"मला वाटलं, गंमत करतोयस." तो चिडलेला नव्हता, हेच पेंटरला अवघड गेलं. तो नुसता बघत राहिला, जणू ओळखीच्या घरात शिरावं आणि आत भलतीच माणसं दिसावीत. "काम पाहिजे होतं, तर मागायचंस. दिलं नसतं का मी?"

"दिलं असतंस," पेंटर म्हणाला. "म्हणूनच भरलं."

जिना उतरताना त्याचे पाय हलके झाले होते. फाटकाबाहेर आल्यावर बायकोने त्याचा दंड असा करकचून धरला, की शर्टाची इस्त्री गेली. "मला तर घामच फुटला," ती म्हणाली. "तुम्ही हो म्हणता की काय, असं वाटलं." दोघं घरापर्यंत चालत गेली आणि वाटेत दिसेल तो रस्ता आपलाच असल्यासारखी बघत गेली.

पट्टे मारायचं मशीन गावात एकच होतं, कंत्राटदाराचं. ते मागायला पेंटर गेला नाही. रोलर आणले, दोन माणसं रोजाने घेतली, सुताने रेघा आखल्या. एक एक रस्ता सकाळी अर्धा बंद करायचा, रंग सुकला की सोडायचा. बायको लाल फडकं घेऊन उभी राहायची आणि ट्रकसुद्धा अडवायची. लोक थांबून बघायचे. शाळेतल्या बाईंनी सगळ्यांना पाणी पाठवलं.

दवाखान्यासमोरचं काम शेवटी आलं. पट्टे असे उमटले होते, की पेंटर स्वतःच मागे सरून पुन्हा पुन्हा बघत होता. तेवढ्यात पलीकडून कंत्राटदार आला. हातात औषधांची पिशवी होती, गाडी कुठेतरी मागे लावली असावी. सवयीने तो सरळ निघाला आणि कडेशी येऊन थबकला.

"भाऊजी, ओलं आहे हो," बायको म्हणाली. "पाचच मिनिटं थांबा."

तो थांबला. त्याने पट्ट्यांकडे बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, धंद्यातला माणूस बघतो तसं. पेंटर रोलर हातात धरून उभा होता. दोस्त काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत होता. नावं ठेवली असती तरी त्याला चाललं असतं.

 कंत्राटदाराने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि कडेकडेने, एकाही पट्ट्यावर पाय पडू न देता, लांबचा वळसा घालून तो पलीकडे गेला.

पेंटर तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. मग गुडघे टेकून त्याने पुढच्या पट्ट्यासाठी सूत लावलं, आणि बायकोने दुसरं टोक धरलं.