चिंचेचा जाळ

ढलपीला एक पीस चिकटलं होतं. करडं, मऊ, बोटभर... भट्टीच्या तोंडाशी ते थरथरत होतं, आणि ते बघता बघता रुद्रम्माचं उलथनं कढईत मंदावलं. दूध ढवळायचं थांबवून चालत नाही हे हातांना ठाऊक, म्हणून हात फिरत राहिले. डोळे मात्र पिसावरच. ओढ्याकाठच्या चिंचबनातली ही वाळकी फांदी चेअरमन महालिंगप्पांनी नमुन्याला तोडून आणवली होती. जाळ कसा लागतो ते रुद्रम्मानं सांगायचं, आणि ती बरा म्हणाली की उद्या सगळ्या बनाला कुऱ्हाड लावायची. बाभळी संपल्या, हिवर संपले; सोसायटीच्या खव्याच्या भट्टीला आता दुसरं सरपण उरलंच नव्हतं.

मागं पडवीत महालिंगप्पा आणि बिभीषण मास्तरांची जुंपली होती.

"झाडं काय मास्तर, फिरून लावता येत्याल. दूध आज नासतंय."

"झाडं गेली म्हणून तर पाऊस गेला, आप्पा! गोबरगॅस करा म्हणून किती दिवस बोंबलतोय म्या."

"शेण कुठनं आणू? निम्मी जनावरं छावणीत. कुर्डुवाडी टेसनावरनं दगडी कोळसा आणा म्हणाल, तर त्यो परवडत न्हाय."

"आन् बनातली गिधाडं? आधीच लई कमी ऱ्हायलीत. त्यांनी घरटी कुठं बांधायची?"

"गिधाडांसाठी माणसं उपाशी ठेवू व्हय?"

पडवी हसली. रुद्रम्माही हसली, आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. का, ते कळेना. गिधाडं तिला कधीच आवडली नव्हती — कुणाला आवडतात? बहात्तरच्या दुष्काळात चंद्री म्हैस मेली, माळावर ओढून टाकली, आणि गिधाडं उतरली... बोडक्या मानांची, एकमेकांना ढकलत. रडत, शिव्या देत तिनं दगड मारले होते. तिचा नवरा माणिकप्पा, तेव्हा होता तो, म्हणाला, "खाऊ दे गं. त्यांनी न्हाय खाल्लं तर वास आपल्यालाच सोसायचा." दुसऱ्या दिवशी नुसता सांगाडा. त्या उन्हाळ्यात इतकी जनावरं पडली, तरी गावावर घाण वास आला नाही... आणि गेल्या महिन्यात शेजारचं रेडकू मेलं, ते आठवडाभर कुत्रीच ओढत होती. गिधाड एक तरी आलं होतं का? मान वर करून तिनं पाहिलंच नव्हतं. आणि त्याआधी कधी पाहिलं होतं? कमी होत जाणारी गोष्ट कमी होताना दिसत कशी नाही आपल्याला —

जाळ सुरेख होता, हेच तर वाईट होतं. संथ, बिनधुराचा. खोटं कसं बोलायचं? आणि खोटं बोलून भट्टी बंद पडली तर? मग गल्लीतल्या जाईबाईसारखं कारखान्यावर ऊसतोडीला जायचं, या वयात, पालात राहायचं... भीती वाटत होती तिला. माळावरच्या पाखरांसाठी नव्हे, ती स्वतःसाठीच भ्याली होती.

वास आला. करपट!

खवा जमायच्या आतच जाळ ओढायचा असतो. पुढचं तापलेली कढई करते. झाला असं डोळ्यांना दिसेपर्यंत थांबलं की गेला. नव्या बायकांना हे तीच शिकवायची. तिनं लगबगीनं लाकडं बाहेर ओढली, राखेत दाबली, दोन्ही हातांनी उलथनं फिरवू लागली. खाली आता ठिणगी नव्हती. तरी तळातून तांबूस खपल्या वर येतच होत्या. जाळ ओढला होता ना मी... ओढला होता की. मग अजून का —

"रुद्राक्का," महालिंगप्पा दारात आले, मागं मास्तर. "सांगा, कसा हाय जाळ?"

"आप्पा..."

चांगला हाय, हे ओठांवर आलेलं होतं. खरंच होतं ते. पण हात फिरवता फिरवता तिनं त्यांच्या खांद्यावरून वर पाहिलं, बनाच्या बाजूला. गिधाडाची एकच घिरटी दिसावी, लांबची का होईना, मग बोलू. बन अजून उभं होतं, तरी वरचं आभाळ पांढरं आणि मोकळं होतं. दोघं तिच्या तोंडाकडं बघत उभे होते, कढईतून वास वाढत होता, आणि तिची नजर काही खाली येईना.