मंगळी मागून गाते

सरावलीच्या चाळीपुढे मांडव घातला होता. वारल्यांचे लग्न लावते ती धवलेरी. इथली धवलेरी मंगळी, पण आपल्या जागी आज तिने भाची दीपिका हिला प्रथमच बसवले होते.

"कंपनीत डबे भरणारी पोर लगीन काय लावंल?" नवऱ्याचा बाप चिंतू कुरकुरला. "मंगळे, तूच गा."

"माजा गळा फाटलाय. तिचा ऐक," म्हणत मंगळी बायकांच्या ओळीत जाऊन बसली.

तांदळाच्या पिठाने भिंतीवर रेखलेल्या चौकापुढे दीपिका एकेका देवाला गाण्यातून लग्नाला बोलावू लागली. तिने एक ओळ म्हणायची, बायकांनी तीच मागून घ्यायची. हिरवा देवापर्यंत सारे सुरळीत झाले आणि ती अडखळली. देव अर्ध्या वाटेवर असताना गाणे तुटणे बरे नव्हे. चिंतूने मंगळीकडे पाहिले.

पुढची ओळ मंगळीच्या ओठांवर आली होती. पण ती उच्चारली असती, तर हे लग्न मंगळीनेच लावले, असे सगळे म्हणाले असते. तिने दीपिकाचीच शेवटची ओळ पुन्हा घेतली, मग आणखी एकदा. बायकाही त्याच ओळीवर झुलत राहिल्या. तेवढ्यात दीपिकाने मान वर केली आणि पालघट देवीला मोकळ्या गळ्याने हाक घातली.

धवलेरी झाल्यापासून मंगळी कुणाच्या मागून गायली नव्हती. आता भाचीची ओळ घेताना तिचा ऊर भरून आला. शेजारणीला तिने कोपराने ढोसले.

"नीट म्हण गो. धवलेरी सांगते तसा."